काळ्या मातीची भुलाबाई

काळ्या मातीची मूर्ती टिकत नाही, हे आमच्या वऱ्हाडात लहान पोरांनाही ठाऊक असतं. ओली असताना ती लोण्यासारखी हाताला वळते आणि वाळायला लागली की तडकते. उन्हाळ्यात आमच्या शेतांना पाय आत जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच मातीच्या. म्हणून पोळ्याचा बैल असो की भुलाबाई, कुंभार ती माती तशीच कधी घेत नाही. तिच्यात राख घालतो, घोड्याची लीद घालतो, चांगली तुडवतो आणि मग मूर्ती करतो. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला हे माहीत नव्हतं. तिनं नुसत्या काळ्या मातीची भुलाबाई केली. त्या चुकीतून पुढे जे झालं ते मला अजून पुरतं समजलेलं नाही. लिहिता लिहिता समजेल, अशी आशा आहे.

मी अकोल्याची. मोर्णा नदीच्या काठी आमचा मळा आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि सणासुदीला झेंडू-शेवंती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिक झालेलं नाही. मी झाले, आणि शाळेतल्या हेडमास्तरांनी दोनदा मळ्यात येऊन बाबांना सांगितलं, म्हणून अमरावतीला कॉलेजात आले. कॉलेजात मुली मोजक्या. बाहेरगावच्या मुलींनी जिथे सोय होईल तिथे राहायचं. परकोटाच्या आतल्या एका गल्लीत शाळेतून निवृत्त झालेल्या एक विधवा बाई राहत. त्यांनी घराच्या मागच्या दोन खोल्या आम्हा तिघींना दिल्या होत्या. बाई आम्हाला नावांनी हाक मारत नसत. मी अकोलेवाली. दुसरी बडनेरेवाली; तिचे वडील रेल्वेत, क्वार्टर लहान, भावंडं पुष्कळ, त्यामुळे अभ्यासाला म्हणून ती इथे राही. तिसरी अचलपूरवाली. ती माझ्या खोलीत होती. तिचे वडील वकील, आजोबाही वकील, घरात पुस्तकांची कपाटं. आपली मुलगी कॉलेजात जाते याचं त्या घरात कुणाला नवल नव्हतं. मला मात्र तिचं नवल वाटायचं. तिला शब्द शोधावे लागत नसत.

मला लागत. वर्गात उभं राहून वाचायची पाळी आली की माझे हात गार पडत, आणि छातीत असं धडधडे की पानावरची अक्षरं हलत. एकदा तोंडातून "मले येत नाही" असं निघालं, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी "मले, मले" अशी बकरीसारखी नक्कल केली. त्या दिवसापासून सकाळी कॉलेजला निघताना पोटात गोळा यायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मळ्यातल्या माणसाला असलं काही होतं हेच मला माहीत नव्हतं.

आषाढात आम्ही राहायला आलो तेव्हा अचलपूरवाली चांगली बोलकी होती. श्रावणात ती हळूहळू उठेनाशी झाली. कधी बघावं तर फणी हातात धरून बसलेली, अर्धे केस विंचरलेले, अर्धे तसेच. ताटातली भाकर ताटातच राही. ताप नाही, खोकला नाही. बाईंनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि टॉनिक दिलं.

"हिले नजर लागली," बडनेरेवाली म्हणाली.

मी तिला विचारायची, "काहून वं? कोणी काही बोललं का? घरची आठवण येते?"

"काही झालेलं नाही गं," ती म्हणायची. "काही झालं असतं तर सांगितलं असतं ना. काहीच झालेलं नाही, हेच तर."

हे उत्तर मला फार विचित्र वाटे. आमच्या मळ्यात रोप सुकलं तर कारण असतं. पाणी, कीड, ऊन, मुळाशी वाळवी, यातलं काहीतरी असतंच. मी मनात तिच्या मुळाशी उकरत राही आणि हाती काही लागत नसे.

गणपती बसायच्या आधी तिचे वडील आले. बोलायला मऊ, पण वकील. ओसरीत बसून त्यांनी तिला एकामागून एक प्रश्न विचारले. अभ्यास जड जातो का? जेवण पटत नाही का? कोणी त्रास देतं का? पैसे पाहिजेत का? ती प्रत्येक प्रश्नाला मान हलवून नाही म्हणत होती. शेवटी त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि बाईंना म्हणाले, "कोजागिरीपर्यंत पाहतो. तोवर फरक पडला नाही तर घरी नेतो. कॉलेज राहिलं बाजूला."

ते गेल्यावर ती खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून निजली. मग म्हणाली, "आमच्या घरात मागे एक खोली आहे. माझ्या आत्याला असंच व्हायचं. तिला आराम पडावा म्हणून तिकडे ठेवली होती. सगळे तिची फार काळजी घ्यायचे. दिवसभर कुणी ना कुणी जवळ बसून विचारायचं, आता कसं वाटतं? ती मग त्या खोलीतून बाहेर आलीच नाही."

"मंजे? मेली?"

"नाही. आहे अजून."

तिला कशाची भीती वाटते ते मला समजलं. तिला कॉलेज सुटेल याची तितकी भीती नव्हती, ती खोली मिळेल याची होती.

गणपतीतच माझे बाबा मला भेटायला आले. बाईंनी अंगणासाठी झेंडूची रोपं मागितली होती. आमच्याकडे रीत अशी की रोप एकटं द्यायचं नाही. "रोपाले एकटं धाडू नये, माय. त्याची माती संगं द्यावी, मंग थे रुसत नाही," असं बाबा म्हणतात. म्हणून ते अकोल्याहून रेल्वेनं, बडनेऱ्याला गाडी बदलून, रोपं आणि तरटाच्या पोत्यात अर्धं पोतं काळी माती घेऊन आले.

"काकाजी, मातीचं तिकीट काढलं होतं काय?" बडनेरेवालीनं विचारलं. "माह्या बाबानं धरलं असतं तुमाले!"

"मातीले कायचं तिकीट, बाई? थे तं जातीनंच वऱ्हाडची रहिवासी हाये."

रोपं लागली, थोडी माती उरली. पोतं अंगणात भिंतीशी पडून राहिलं.

भादव्याची पौर्णिमा जवळ आली होती. त्या पौर्णिमेला आमच्याकडे भुलाबाई, म्हणजे पार्वती, मांडतात आणि कोजागिरीला तिची बोळवण करतात. महिनाभर रोज संध्याकाळी मुली जमतात, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, आणि मग झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात. बाई कुंभाराकडून मूर्ती आणणार होत्या. पण एक दिवस मी कॉलेजातून परतले तर अचलपूरवाली अंगणात, कोपरापर्यंत चिखलात. पोत्यातली माती पाटावर घेऊन ती काहीतरी वळत होती. आठ-दहा दिवसांत ती पहिल्यांदाच खोलीबाहेर बसलेली होती.

"माय वं! हे काय करून राहिली?" बडनेरेवाली कुजबुजली.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

ती भुलाबाई होती. मांडीवर मूल घेतलेली, रुंद खांद्याची, नाक जरा वाकडं. नेहमी शेजारी भुलोजी, म्हणजे शंकर असतो, तो तिनं केला नव्हता. पौर्णिमेला आम्ही तिला ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसवली, तेव्हा बडनेरेवालीला राहवेना.

"आन् भुलोजी कुठी गेले?"

अचलपूरवाली मूर्तीकडे बघतच म्हणाली, "ड्यूटीवर. बडनेऱ्याला."

बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. बडनेरेवाली तर खालीच बसली. "मंग नाई येत बापा थे कोजागिरीपरेंत! रजाच नाई भेटत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्तीच्या खांद्यापासून पोटापर्यंत भेग गेलेली. मला वाटलंच होतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला काहीतरी ठाऊक आहे जे हिला ठाऊक नाही, याचं थोडं बरंही वाटलं. तिच्या शेजारी बसून मी सगळं सांगितलं. राख, लीद, चाळणं, तुडवणं. "आज नवी करू आपण. मी टांगेवाल्याकडून लीद आणते की."

ती बोट ओलं करून भेगेत माती भरत होती. "मग ती तडकणार नाही?"

"मुळीच नाही."

"नको," ती म्हणाली. "मग मी उद्या सकाळी उठून काय करू?"

ती चेष्टा करत नव्हती.

तेव्हापासून रोज सकाळी ती उठायची ते भेग बघायला. आज मानेला, आज मांडीवरच्या मुलाला, आज पाठीला. कुठे पडेल याचा आम्ही तिघी आदल्या दिवशी अंदाज बांधायला लागलो. बडनेरेवाली तर पैजा लावे. अचलपूरवाली भेगेत आधी पाणी सोडी, ते आत जिरेपर्यंत थांबे, मग बारीक माती दाबी. थांबण्याच्या त्या वेळात ती आपले केस विंचरी. एक दिवस माझ्या लक्षात आलं की आता ती सगळे केस विंचरते.

याचा अर्थ ती बरी झाली असा नाही. काही सकाळी ती उठत नसे. मूर्तीवर ऊन येई, भेग रुंदावे. बडनेरेवाली म्हणे, "आपण भरून देऊ का?" बाई नको म्हणत. दुपारपर्यंत कधीतरी दाराशी तिचे पाय वाजत.

गाण्यांचं काम माझ्याकडे आलं होतं. भुलाबाईच्या गाण्यात जुन्या ओळींमागे नव्या जोडायला मनाई नसते. आमच्या मळ्यात तण निंदताना बाया जोडत जातात, ते ऐकून मला सवय होती. कॉलेजला जाता-येता पोटातला गोळा घेऊन मी ओळी जुळवायला लागले. सुरुवातीला नुसता वेळ जावा म्हणून. एका संध्याकाळी टिपऱ्यांवर मी म्हटलं:

मास्तर पुसती धडा वं बाई
जीभ माही टाळूले चिकटून जाई
चिकटली जीभ, सोडवा कोणी
अकोल्याच्या पोरीले द्या वं पाणी

शेजारच्या मुलीही येत. त्या हसल्या, आणि पुन्हा म्हण म्हणाल्या. पाच-सहा जणी टिपऱ्या वाजवत माझी भीती म्हणत होत्या, "द्या वं पाणी, द्या वं पाणी." मला कसंतरीच झालं. इतके दिवस जे एकटीनं पोटात धरून नेत होते, ते अंगणात सगळ्यांच्या तोंडी फिरत होतं, आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात हात गार पडले ते पडलेच. पण वाचताना मनात "द्या वं पाणी" आलं, आणि मी हसू दाबत पान संपवलं. असं का होतं? भीती तीच होती. तिला चाल लावली एवढंच. मी मराठी शिकवणाऱ्या प्रोफेसरांना विचारायचं ठरवलं होतं, पण धीर झाला नाही.

गाणं पुढे कोण नेणार म्हणून एकदा सगळ्या थांबलो असताना कोपऱ्यातून, माती लावता लावता, अचलपूरवालीनं हळू आवाजात ओळ टाकली:

भेग गं पडली, पडू द्या बाई
उद्याच्या कामाची काळजी नाही

मग बडनेरेवालीनं ती ओळ उचलली आणि सगळ्यांनी तिच्या मागून म्हटली. ओळ आपल्या तोंडून सुटून दुसऱ्यांच्या तोंडी गेल्यावर कसं वाटतं ते मला ठाऊक होतं. म्हणून मी तिच्याकडे मुद्दाम बघितलं नाही.

कोजागिरीच्या दुपारी दारात टांगा थांबला. तिचे वडील आले होते. त्यांनी तिला पाहिलं. ती अजून वाळलेलीच होती, डोळ्यांखाली काळं होतं, आणि हात मनगटापर्यंत मातीचे. त्यांना काय दिसलं असेल ते मला समजत होतं.

"हे काय खेळतेस?" ते म्हणाले. रागानं नाही. घाबरून. मग बाईंकडे वळून म्हणाले, "घरी म्हणतात तेच बरं. नेतो मी. ट्रंक आवर बाळ, अचलपूरची शेवटची मोटार गाठायची आहे."

ती खोलीत गेली आणि ट्रंकेत कपडे टाकायला लागली. मी दारात उभी. माझी बोलण्याची जीभ तिथेही टाळूला चिकटलेली. टांगेवाल्यानं ट्रंक उचलून टांग्यात ठेवली.

बाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, आज बोळवण आहे. मूर्ती हिनं केलेली. गाणी आणि खाऊ होऊन जाऊ द्या. तेवढा वेळ मोटारीला आहे."

ते ओसरीत बसले. आम्ही गाणी म्हटली, पण त्यात जीव नव्हता. खाऊची पाळी अचलपूरवालीची होती. तिनं पितळी डबा आणून मूर्तीपुढे ठेवला, झाकणावर हात ठेवला, आणि मुलींकडे न बघता वडिलांकडे बघितलं.

"ओळखा, बाबा."

"मी?"

"काकाजी, ओळखाच लागते," बडनेरेवाली म्हणाली. "झाकण उघडता येत नाई. पुसा, काय पुसाचं थे. पण खोटं बोलायचं नाई, तिनंही आन् तुमीही."

ते हसायचा प्रयत्न करत पुढे आले. डबा हलवला. आवाज नाही. "गोड की तिखट?"

"गोड."

"पेढा?" नाही. "सीताफळ?" नाही. "विकतचं की घरचं?" घरचं. "तू केलंस?" हो. "खोबऱ्याची वडी? रव्याचा लाडू? शिरा?" नाही, नाही, नाही. त्यांनी डबा नाकाशी नेला, कानाशी नेला. बाहेरून टांगेवाला ओरडला, "साहेब, टाइम होऊन राहिला!" त्यांनी लक्षच दिलं नाही. याआधी ओसरीत त्यांनी प्रश्न विचारले होते तेव्हा उत्तर आधीच ठरलेलं होतं, ते फक्त तिच्या तोंडून काढायचं होतं. आता त्यांना खरोखर माहीत नव्हतं. आणि ती प्रत्येक प्रश्नाला तोंडानं उत्तर देत होती.

"आपल्या घरी करतात?"

"नाही. टाकून देतात."

ते थांबले. मग डबा खाली ठेवून म्हणाले, "हरलो."

हरल्यावरच झाकण निघतं. आत भाकरीचा कुस्करा होता. सकाळची भाकर चुरून, गूळ आणि तूप घालून केलेला. आजवर ती ताटातच ठेवायची, तीच भाकर.

"शिळ्याचा प्रसाद असतो का गं?" बाई पुटपुटल्या.

"भुलाबाई आपल्यातलीच हाये, बाई. खाईल थे," बडनेरेवाली म्हणाली आणि पहिली मूठ तिनंच घेतली.

वकीलसाहेबांनीही घेतला. खाता खाता त्यांची नजर मूर्तीवर गेली. अंगभर बुजवलेल्या भेगा, कुठे माती काळी, कुठे करडी. "एवढ्या भेगा?"

"रोज पडतात. रोज बुजवते."

"मग आता पडायच्या थांबल्या?"

"नाही बाबा. आज सकाळीही पडली. इथे, कानाजवळ."

"म्हणजे हे संपत नाही."

"नाही. मला बुजवता येतं पण. तिथे मला कोणी माती देणार नाही."

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. कुस्कऱ्याचे कण बोटांना चिकटले होते. टांगेवाला पुन्हा ओरडला तेव्हा ते उठून बाहेर गेले, आणि आम्हाला वाटलं, झालं. पण ते परत आले ते ट्रंकेची एक कडी धरून. दुसरी टांगेवाल्यानं धरली होती, आणि तो कुरकुरत होता, "चढवा बी मीच, उतरवा बी मीच."

जाताना ते दाराशी थांबले. "दिवाळीला न्यायला येतो," ते म्हणाले. तिनं काही विचारलं नाही, तरी मागे वळून म्हणाले, "सोडायलाही मीच येतो."

संध्याकाळी बोळवण करायला आम्ही मागच्या अंगणात बादली भरली. कच्ची माती, पाण्यात ठेवल्याबरोबर विरघळायला लागली. आधी मांडीवरचं मूल गेलं, मग वाकडं नाक. बडनेरेवाली बादली उचलून झेंडूला ओतणार होती.

"थांब, ओतू नकोस," अचलपूरवाली म्हणाली. "बसू दे खाली. ती माती पुन्हा मळता येते."

याला आता दोन वर्षं होतील. ती अजून माझ्या खोलीत आहे. तिचं कारण मला सापडलेलं नाही, आणि आता मी उकरतही नाही. अंगणात तिचा पाट असतो, त्याच्यावर कधी बैल, कधी हत्ती, कधी नुसते हात. सगळे तडकलेले आणि बुजवलेले. मी कॉलेजातून आले की आधी पाटाकडे बघते. माती ओली असली तर ती उठली आहे. कोरडी असली तर मी पुस्तकं ओट्यावर ठेवते, खोलीत जाऊन तिच्याजवळ बसते, आणि काहून ते विचारत नाही. दिवसभरात वर्गात माझं काय झालं, त्याची जुळवलेली ओळ म्हणते. ती अर्धीच असते. दुसरी अर्धी कधी ती लगेच देते, कधी दोन दिवसांनी.

काल दिलेली नाही. आज बघते.